एक गाळा, अनेक भाडेकरू : व्यावसायिक भाडेकरारातील सामाईक जबाबदारी

दोन किंवा अधिक व्यक्तींनी मिळून एकाच करारनाम्याने दुकान, गाळा, कार्यालय किंवा गोदाम भाड्याने घेतले, की त्या सगळ्या त्या जागेच्या सहभाडेकरू होतात. दोन डॉक्टर मिळून दवाखाना थाटतात, तिघे सनदी लेखापाल एकच कार्यालय घेतात, वडिलांच्या पश्चात भाऊ तेच दुकान पुढे चालवतात. भाडे कसे वाटून घ्यायचे हे आपसांत ठरलेले असते आणि आपला वाटा महिन्याच्या महिन्याला भरला की आपण मोकळे, असा बहुतेकांचा समज असतो. कायदा तसे मानत नाही. मालकाच्या बाजूने पाहिले तर करार एक, जागा एक, भाडेही एकच. त्या एका भाड्यासाठी प्रत्येक सहभाडेकरू संपूर्ण रकमेला बांधलेला असतो. वाटणी ही भाडेकरूंची आपसांतली बाब आहे. मालकाने ती लेखी मान्य केलेली नसेल, तर तिच्याशी त्याला कर्तव्य नसते.

या नियमाचा पाया भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये, मुख्यतः कलम ४२ ते ४५ मध्ये आहे. कलम ४३ प्रमाणे अनेकांनी मिळून एखादे वचन दिले असेल आणि उलट काही स्पष्टपणे ठरलेले नसेल, तर ज्याला वचन दिले तो त्यांपैकी कोणालाही संपूर्ण वचन पुरे करायला लावू शकतो. कोणाला गाठायचे, हे तोच ठरवतो. बरोबरीचे भाडेकरू कुठे आहेत, त्यांच्याकडून आधी का मागितले नाही, हा बचाव चालत नाही. करारात ‘संयुक्तपणे व पृथकपणे’ असे शब्द घातलेले नसले तरी भारतात परिणाम तोच होतो. ते शब्द असले तर शंकेला जागा उरत नाही, एवढाच फरक. जुन्या इंग्रजी कायद्यात केवळ संयुक्त वचन आणि संयुक्त-पृथक वचन यांत मोठे अंतर होते. १८४४ च्या किंग विरुद्ध होअर या निवाड्यानुसार संयुक्त ऋणकोंपैकी एकावर निकाल मिळवला की दुसऱ्यावर दावा लावता येत नसे. भारतीय अधिनियमाने हा भेद बाजूला सारून सगळ्याच संयुक्त वचनांना एकच नियम लावला.

याच कलमाचा दुसरा भाग भाडेकरूंच्या बाजूचा आहे. ज्याने सगळे पैसे भरले, त्याला इतरांकडून त्यांचा वाटा वसूल करता येतो. करारातून वेगळा हेतू दिसत नसेल तर वाटे समसमान धरले जातात. तिसऱ्या भागात आणखी एक नियम आहे : वाटेकऱ्यांपैकी एखादा देऊ शकला नाही, तर त्याच्याकडून आलेली तूट उरलेल्यांनी सारखी वाटून सोसायची. अधिनियमातच याची आकडेवारीसह उदाहरणे आहेत. अ, ब आणि क यांनी ड ला ३,००० रुपये देण्याचे संयुक्त वचन दिले. सगळे पैसे एकट्या क ला भरावे लागले. अ दिवाळखोर निघाला, पण त्याच्या मालमत्तेतून देण्याच्या निम्मी रक्कम सुटते. अ चा वाटा १,००० रुपयांचा, त्यातले ५०० रुपये त्याच्या मालमत्तेतून क ला मिळतात. बुडालेले ५०० रुपये ब आणि क यांच्यात निम्मे-निम्मे पडतात, म्हणून क ला ब कडून १,२५० रुपये मागता येतात. ब ने आपल्या वाट्याचे हजार रुपये बाजूला काढून ठेवले असले तरी त्याला अडीचशे रुपये जास्तीचे मोजावेच लागतात. सहभाडेकरू निवडणे म्हणजे त्याच्या आर्थिक कुवतीची जोखीम पत्करणे, हे या छोट्या उदाहरणाइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

समसमान वाट्याचा नियम व्यवहारात अनेकदा अन्यायाचा ठरतो. हजार चौरस फुटांच्या गाळ्यात एकजण सातशे फूट वापरतो, दुसरा तीनशे. भाडेही त्याच प्रमाणात देत आले आहेत, पण कागदावर काहीच नाही. वाद झाला की सुरुवात निम्म्या-निम्म्यापासून होते आणि प्रमाण वेगळे ठरले होते हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर येतो. दरमहा बँकेतून गेलेल्या रकमा, आपसांतले संदेश, हिशेबाची वही यांचा तेव्हा पुरावा म्हणून उपयोग होतो. अर्थात लेखी कराराची सर त्यांना येत नाही.

‘नावापुरती सही’

व्यापारी वस्त्यांमध्ये वारंवार दिसणारा एक प्रकार असा : धंदा एकाचाच असतो, पण मालकाला भरवसा वाटावा म्हणून मेहुणा, मित्र किंवा जुना भागीदारही करारावर भाडेकरू म्हणून सही करतो. ‘तू फक्त सही कर, भाडे मी भरीन’ असे दोघांत ठरलेले असते. करार अधिनियमाचे कलम १३२ नेमके याच परिस्थितीसाठी आहे. दोघांनी तिसऱ्याशी मुख्य ऋणको म्हणून करार केला असेल, तर त्यांच्यातला एकजण फक्त जामीन राहील असे त्यांनी आपसांत ठरवले तरी तिसऱ्याचा हक्क कमी होत नाही. तिसऱ्याला ही आपसांतली बोली ठाऊक असली, तरीसुद्धा नाही.

म्हणून हमीदार म्हणून सही करायची की सहभाडेकरू म्हणून, हा फरक फार महत्त्वाचा आहे. कलम १२८ प्रमाणे हमीदाराची जबाबदारीही मुख्य ऋणकोइतकीच असते, त्यामुळे पहिल्या नजरेला दोन्ही स्थिती सारख्या वाटतात. पण हमीदाराला कायद्याचे काही खास संरक्षण आहे. मालक आणि भाडेकरू यांनी त्याच्या संमतीशिवाय भाडे वाढवले किंवा अटी बदलल्या, तर कलम १३३ नुसार त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून तो सुटतो. मालकाने भाडेकरूला परस्पर मुदतवाढ देण्याचे कबूल केले, तर कलम १३५ त्याच्या मदतीला येते. शिवाय आपण भरलेली संपूर्ण रक्कम तो मुख्य ऋणकोकडून मागू शकतो. हमीपत्रांच्या छापील मसुद्यांत ही संरक्षणे हमीदाराने आधीच सोडून दिल्याचे कलम बहुधा असते, ते वाचूनच सही करावी. नातेवाइकाला मदत करायची असेल, तर मर्यादित रकमेचे आणि मर्यादित मुदतीचे हमीपत्र हा सहभाडेकरू होण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित मार्ग आहे.

मालकाचे पर्याय

भाडे थकले की मालकाला सगळ्यांना एकत्र गाठण्याची सक्ती नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १ नियम ६ नुसार एकाच करारावर जबाबदार असलेल्यांपैकी सर्वांना किंवा निवडक व्यक्तींना प्रतिवादी करता येते. हुकूमनामा अनेकांविरुद्ध झाला तरी बजावणी एकाच्याच मालमत्तेवर करता येते. ज्याचे बँक खाते सापडते किंवा ज्याच्या नावावर घर असते, त्याच्याकडे मालक आधी वळतो. रक्कम मात्र एकदाच वसूल होते. एकाकडून जे मिळाले, ते सर्वांच्या देण्यातून वजा होते.

तडजोडीचा परिणाम करार अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये सांगितला आहे. समजा, तिघांचे मिळून तीन लाख रुपये थकले आहेत. मालकाने एकाकडून साठ हजार घेतले आणि त्याला करारातून मोकळे केले. उरलेले दोघे सुटत नाहीत, २,४०,००० रुपयांना ते बांधलेले राहतात. मोकळा झालेला भाडेकरू मालकापुरताच मोकळा असतो. त्याचा मूळ वाटा एक लाखाचा होता. दोघांनी प्रत्येकी १,२०,००० रुपये भरले, तर प्रत्येकाला त्याच्याकडून वीस हजार मागता येतात. मालकाचे ‘देणे-घेणे काही नाही’ हे पत्र खिशात असलेल्या माणसाला ही मागणी अनपेक्षित वाटते. मालकाशी तडजोड करतानाच इतर सहभाडेकरूंचीही सही घेणे हाच त्यावरचा उपाय.

नोटिशीबाबत न्यायालयांची भूमिका ठाम आहे. कांजी मानजी विरुद्ध मुंबई बंदराचे विश्वस्त हे सर्वोच्च न्यायालयाचे १९६२ मधले प्रकरण मुंबईतल्याच एका भूखंडाचे. पट्टा संयुक्त भाडेकरू म्हणून दोघांच्या नावे झाला होता आणि त्यांतला एकजण वारला होता. संयुक्त भाडेकरूंपैकी एकाला दिलेली नोटीस पुरेशी ठरते आणि दावाही त्याच कारणाने टिकतो, असे न्यायालयाने ठरवले. वारस भाडेकरूंना हेच सूत्र एच. सी. पांडे विरुद्ध जी. सी. पॉल (१९८९) या निकालाने लागू झाले, आणि पुढे सुरेशकुमार कोहली विरुद्ध राकेश जैन (२०१८) मध्ये ते पुन्हा अधोरेखित झाले. व्यवहारातला अर्थ असा की एका सहभाडेकरूच्या हाती पडलेले टपाल सगळ्यांना मिळाले असे धरले जाते. त्याने ते टेबलाच्या खणात टाकले, तरी मुदत सगळ्यांची सुरू होते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ज्या जागांना लागू आहे, तिथे ही मुदत जीवनमरणाची ठरते. कलम १५ प्रमाणे थकबाकीची लेखी मागणी झाल्यापासून नव्वद दिवस उलटल्याशिवाय मालक त्या कारणाने दावा लावू शकत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह भरली, तर भाडेकरूपण वाचू शकते. भरायची रक्कम संपूर्ण असावी लागते. एका भावाने आपले निम्मे भाडे कोर्टात जमा केले, म्हणून त्याच्यापुरते निम्मे दुकान वाचत नाही. अशा वेळी एकाने सगळी रक्कम भरून मागाहून हिशेब मागणे एवढेच हाती उरते. स्वतःचा हितसंबंध जपण्यासाठी दुसऱ्याचे कायदेशीर देणे भरणाऱ्याला ते परत मागण्याचा हक्क करार अधिनियमाचे कलम ६९ ही देते.

हा अधिनियम सगळ्यांना लागू नाही. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागा कलम ३ ने वगळल्या आहेत. शिवाय मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आज नवे व्यावसायिक करार बहुतांशी लिव्ह अँड लायसन्स पद्धतीचे असतात. त्यांत भाडेकरूचे संरक्षण जवळजवळ नसते, पण संयुक्त जबाबदारी तशीच्या तशी असते, कारण ती भाडे कायद्यातून येत नाही, करार अधिनियमातून येते. भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स या दोन्ही प्रकारांत भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे.

भागीदारी पेढी आणि वडिलोपार्जित दुकान

भागीदारी पेढीला कायद्याने स्वतंत्र व्यक्तित्व नाही. पेढीच्या नावाने घेतलेला गाळा म्हणजे भागीदारांनी घेतलेला गाळा. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम २५ प्रमाणे भागीदार असतानाच्या काळातील पेढीच्या प्रत्येक कृत्याला प्रत्येक भागीदार संयुक्तपणे आणि पृथकपणेही जबाबदार असतो. निवृत्त होताना कलम ३२ नुसार जाहीर नोटीस देण्याची पद्धत आहे. नोंदणीकृत पेढीच्या बाबतीत त्यासाठी फर्म निबंधकाला कळवणे, राजपत्रात आणि जिल्ह्यातल्या स्थानिक भाषेच्या वृत्तपत्रात प्रसिद्धी देणे असे टप्पे आहेत. या नोटिशीने पुढच्या नव्या व्यवहारांपासून संरक्षण मिळते. जुन्या देण्यातून सुटायचे, तर मालक, निवृत्त होणारा भागीदार आणि उरलेली पेढी यांच्यात तसा करार व्हावा लागतो. भाडेकरारावर वैयक्तिक नावाने सही केली असेल, तर नुसत्या जाहीर नोटिशीवर विसंबणे धोक्याचे आहे. मर्यादित दायित्व भागीदारी किंवा कंपनी यांचे तसे नाही. तिथे भाडेकरू ती संस्था असते. पण लहान कंपनीला जागा देताना मालक संचालकांची वैयक्तिक हमी घेतोच, म्हणून मिळणारे संरक्षण बहुधा कागदावरच राहते.

नवा भागीदार आत घेतानाही सावध राहावे लागते. खरी भागीदारी असेल तर तिला पोटभाडे म्हणता येत नाही, हे हेल्पर गिरधरभाई प्रकरणात १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. उलट, भागीदारीच्या कागदाआड ताबाच दुसऱ्याच्या हाती गेलेला असेल तर न्यायालय तो पडदा बाजूला करून पाहते, हे परविंदर सिंग विरुद्ध रेणू गौतम (२००४) मध्ये दिसले. मालकाच्या संमतीविना पोटभाडेकरू ठेवणे हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे जागा खाली करून घेण्याचे कारण आहे. एका सहभाडेकरूने ते केले तरी भाडेकरूपण सगळ्यांचे धोक्यात येते.

वडिलोपार्जित दुकानाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. व्यावसायिक भाडेकरूपण वारसांकडे जाऊ शकते, हे ज्ञानदेवी आनंद विरुद्ध जीवनकुमार या १९८५ च्या निकालाने निश्चित झाले. सर्वसाधारण नियमाने सगळे वारस संयुक्त भाडेकरू ठरतात. महाराष्ट्राच्या अधिनियमात मात्र भाडेकरूच्या व्याख्येतच वेगळी तरतूद आहे : व्यवसायाच्या जागेत मृत भाडेकरूबरोबर जो कुटुंबीय धंदा करत होता, त्याला प्राधान्य. असा कोणी नसेल तर वारसांनी आपसांत ठरवायचे, ते न जमल्यास न्यायालयाने. लालबाग-गिरगावच्या पगडीच्या दुकानांत पावती थोरल्या भावाच्या नावे, गल्ल्यावर धाकटा आणि हिस्सा बहिणीलाही हवा, अशी परिस्थिती सर्रास आढळते. पावतीवरचे नाव हा पुरावा आहे, अंतिम उत्तर नव्हे. ज्यांना भाडेकरू म्हणून हक्क हवा आहे, त्यांना जबाबदारीही टाळता येत नाही. सहभाडेकरूच्या मृत्यूपूर्वीच्या थकबाकीसाठी करार अधिनियमाच्या कलम ४२ प्रमाणे त्याचे वारस हयात असलेल्यांबरोबर बांधलेले राहतात, तेही वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतेच.

एकजण निघून जातो तेव्हा

सगळ्यात जास्त भांडणे इथे होतात. समजा, एक दंतवैद्य आणि एक फिजिओथेरपिस्ट यांनी दरमहा ८०,००० रुपये भाड्याने साठ महिन्यांसाठी जागा घेतली, लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच सोडता येत नाही) छत्तीस महिन्यांचा, डिपॉझिट ४,८०,००० रुपये, प्रत्येकी निम्मे. चौदा महिन्यांनंतर फिजिओथेरपिस्ट गाव सोडून जाते. चावी दंतवैद्याकडे देते, मालकाला निरोप पाठवते आणि आपले काम झाले असे समजते. प्रत्यक्षात तिची जबाबदारी जराही कमी झालेली नसते. भाडेपट्टा परत करणे हे भाडेकरू आणि मालक यांच्या परस्पर संमतीने होते, आणि इथे भाडेकरू म्हणजे दोघेही. एकाला दुसऱ्याच्या वतीने पट्टा संपवता येत नाही. इंग्लंडमध्येही १९५२ च्या लीक अँड मूरलँड्स बिल्डिंग सोसायटी विरुद्ध क्लार्क या निकालात हेच ठरले. लॉक-इनचे बावीस महिने उरलेले असतात आणि त्या काळाचे पूर्ण भाडे मालक दंतवैद्याकडे मागू शकतो. दंतवैद्याला निम्मे परत मिळवण्यासाठी स्वतंत्र दावा लावावा लागतो.

डिपॉझिटचे गणित उलट दिशेचे आहे. ते दोघांनी मिळून ठेवले, म्हणून परत मागण्याचा हक्कही करार अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे दोघांचा मिळून. निघून जाणारी व्यक्ती ‘माझे २,४०,००० रुपये द्या’ असे मालकाला हक्काने सांगू शकत नाही. मालकाच्या हाती जागा आलेली नसते, आणि संपूर्ण डिपॉझिट संपूर्ण भाड्याचे तारण असते. व्यवहारात नवा भागीदार आला की तो जुन्याचे डिपॉझिट परस्पर चुकते करतो. तसे करताना मालकाच्या सहीने नवा करार झाला नाही, तर जुना भाडेकरू डिपॉझिट घेऊन गेलेला पण जबाबदारीत अडकलेला राहतो, आणि नवा भाडेकरू पैसे भरूनही परका.

मुदत संपल्यावर जागा रिकामी करून देणे हेही संयुक्त कर्तव्य आहे. एकाने आपली कपाटे हलवली आणि दुसरा हटून बसला, तर मालकाच्या हाती कब्जा आलेला नसतो. त्यानंतरच्या काळासाठी जुन्या भाड्यापुरतीच भरपाई मिळते असे नाही. निष्कासनाचा हुकूमनामा झाल्यावर अपील करणाऱ्या भाडेकरूला बाजारभावाने रक्कम भरायला लावता येते, हे आत्माराम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या २००४ च्या निकालापासून रुळले आहे. आपण बाहेर पडल्याची तारीख दाखवणारे, मालकाने पोच दिलेले पत्र निघून जाणाऱ्याकडे असलेच पाहिजे.

नुकसान, दिवाळखोरी आणि मुदत

जागा चांगल्या स्थितीत ठेवणे हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे भाडेकरूचे कर्तव्य आहे. एकाच्या भटारखान्यात आग लागून सगळा गाळा काळवंडला, तरी कराराखालची भरपाई मालक कोणाकडेही मागू शकतो. चूक कोणाची होती, हा प्रश्न आपसांतल्या हिशेबाचा. त्यासाठी ज्याच्या हातून नुकसान होईल त्याने इतरांना भरपाई द्यावी, असे कलम आपसांतल्या करारात आधीच हवे, नाहीतर पुन्हा समसमान वाटणीचा नियम पुढे येतो. फौजदारी जबाबदारी मात्र ज्याची त्याची असते.

सहभाडेकरूंपैकी एक कंपनी असेल आणि ती २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली गेली, तर विचित्र कोंडी होते. कलम १४ च्या स्थगितीमुळे कंपनीकडून वसुलीचे दावे थांबतात, तिच्या ताब्यातली जागाही मालकाला परत घेता येत नाही. दुसऱ्या सहभाडेकरूला या स्थगितीचा आडोसा मिळत नाही. जागा अडकलेली आणि भाड्याची मागणी त्याच्या एकट्याच्या दारात, अशी त्याची अवस्था होते.

भाड्याच्या थकबाकीचा दावा रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत कायदा, १९६३ च्या कलम २० मध्ये सहभाडेकरूंच्या फायद्याची एक तरतूद आहे, ती वकिलांच्याही नजरेतून कधी कधी निसटते. एकाने थकबाकी लेखी कबूल केली किंवा थोडे पैसे भरले, तर मुदत नव्याने सुरू होते ती त्याच्यापुरती. केवळ त्या कबुलीमुळे इतरांची मुदत वाढत नाही. जुन्या थकबाकीसाठी नोटीस आलेल्या सहभाडेकरूने प्रत्येक महिन्याची तारीख तपासून पाहावी. पैसे भरणाऱ्याने तर पावती आपल्या नावाने घेऊन इतरांना लगेच लेखी मागणी करावी, कारण त्याचीही मुदत चालू असते.

करारात काय बदलता येते

करार अधिनियमाचे कलम ४३ ‘उलट स्पष्ट करार नसेल तर’ लागू होते, म्हणून मालकाला राजी करता आले तर प्रत्येकाची जबाबदारी ठरावीक टक्क्यांपुरती मर्यादित करता येते. मालक सहसा तयार होत नाही. त्याऐवजी जागेचे सरळ दोन भाग पाडून दोन स्वतंत्र करार करणे हा अधिक स्वच्छ मार्ग आहे. वीजमीटर आणि दरवाजा वेगळा करणे शक्य असेल तर तो आधी पाहावा. ते जमत नसेल, तर निदान एवढे मागावे : थकबाकीची नोटीस प्रत्येक सहभाडेकरूच्या पत्त्यावर स्वतंत्रपणे जाईल, आणि मालकाला मान्य असा बदली भाडेकरू आणून तीन महिन्यांच्या सूचनेने एकाला बाहेर पडता येईल.

आपसांतला करार मालकाच्या संमतीशिवाय करता येतो आणि तो पहिल्या महिन्यातच करावा. त्यात भाड्याचे व डिपॉझिटचे प्रमाण, देखभाल खर्च, एकाने वाटा थकवल्यास व्याजाचा दर, निघून जाणाऱ्याने किती महिन्यांची रक्कम मागे ठेवायची आणि फर्निचरची किंमत कशी काढायची हे लिहावे. बिलाचा प्रश्नही त्याच बैठकीत सोडवावा. व्यावसायिक भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि मालकाच्या बिलावर ज्याचा नोंदणी क्रमांक असेल त्यालाच त्या कराची वजावट मिळते. दोघांच्या भाड्याचे एकच बिल एकाच्या नावे निघत असेल, तर दुसऱ्याने निम्मे भाडे भरूनही कराचा लाभ त्याच्या हाती येत नाही. म्हणून मालकाकडून सुरुवातीपासून प्रत्येकाच्या नावे वेगळे बिल मागून घ्यावे. मात्र बिले वेगळी झाल्याने जबाबदारी विभागली जात नाही, ही नोंद करारात राहील हे मालकही पाहतोच.